बाबांचं मंजन आणि चार इंची पाइप

गेल्या फाल्गुनात माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा टूथपेस्ट आणायला सांगितली, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

आमच्या घरात दात घासायचे ते बाबांच्या काळ्या दंतमंजनाने. बाबा खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले, मंजनातून कधीच झाले नाहीत. बदामाची टरफलं जाळायची, लवंग, तुरटी, सैंधव आणि आणखी काय काय घालायचं, खलबत्त्यात कुटायचं, मग वस्त्रगाळ करायचं. प्रमाण विचारलं की म्हणायचे, "हाताला कळतं." दिवाळीनंतर ते हातच गेले. मागे राहिली डबाभर भरड, अर्धवट कुटलेली. "उरलेलं उद्या," म्हणून त्यांनी झाकण लावलं होतं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो.

माघात आईची मंजनाची बाटली तळाला गेली. ती बोटाने कडा पुसून मंजन काढू लागली. मी खलबत्ता घेऊन बसलो, तर चार ठोक्यांत ती उठून आत गेली. आवाज तोच होता, पण ठोका त्यांचा नव्हता. मिक्सरचं नाव काढायची सोय नव्हती. मिक्सर तापतो, लवंगेचा वास उडतो, हा बाबांचा कायदा होता. (बाबा गेले तरी त्यांचे कायदे आमच्याकडे लागू आहेत.)

अशा वेळी शहाण्या मुलाने आईजवळ बसावं. मी मोबाइल घेऊन बसलो आणि मला बॉल मिल सापडली. बंद भांडं, त्यात माल आणि चिनी मातीच्या टणक गोळ्या, आणि ते भांडं दोन रुळांवर सावकाश लोळत ठेवायचं. तापत नाही, ठोका नाही, नुसती खरखर. मला वाटलं, हे माझ्यासारख्या करंट्या मुलांसाठीच कोणीतरी शोधून ठेवलंय.

शिलाई मशिनची जुनी मोटर आणि सायकलच्या ट्यूबचे पट्टे गुंडाळलेल्या दोन सळ्या, एवढ्यात रूळ झाले. भांडं म्हणून लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी घेतली. चाचणीसाठी इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला, बाल्कनीत मशिन सुरू केलं आणि समाधानाने चहाला गेलो. बरणीचं झाकण माझ्याइतकंच विश्वासू निघालं. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरचे पाटणकर काका दारात उभे राहिले. हातात घडी घातलेली चादर.

"ही आमची आहे," ते म्हणाले. "हिच्यावरचा रंग तुमचा आहे. तेवढा परत घ्या."

मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, ती चादर तीनदा धुतली. आता ती राखाडी म्हणून वापरतात.

म्हणून दुसरं भांडं पक्कं करायचं ठरवलं. नळाच्या सामानाच्या दुकानात चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा मागितला, एका बाजूला कायमची टोपी, दुसरीला आट्यांचं झाकण, आत रबरी रिंग. दुकानदाराने विचारलं, बाथरूम की गच्ची? मी खरं ते सांगितलं, की दंतमंजनासाठी हवंय. त्याने क्षणभर माझ्या दातांकडे पाहिलं.

"मग आयएसआयवाला घ्या," तो म्हणाला.

एका टोकाची टोपी मी सोल्युशन लावून बसवली, म्हणजे प्लंबर पाइप जोडायला जो उग्र वासाचा चिकट द्रव वापरतात, तो लावून. दुसऱ्या टोकाला रिंग आणि वर टेफ्लॉनची पट्टी. पुन्हा कोळसा, पुन्हा चाचणी. झाकणाच्या कडेला काजळाची एक बारीक रेघ उमटली, बस्स. दुसरा माणूस खूश झाला असता. मी ती रेघ मनाला लावून घेतली. त्या रेघेएवढे बाबा वाया जाणार होते!

प्रत्यक्ष दिवशी आईने डबा स्वतः आणून दिला. मी भरड भांड्यात ओतू लागलो तशी मेधा हळूच म्हणाली, "अहो, आधी अर्धंच घाला."

मी तिला समजावलं की भांड्यात माल कमी असला तर गोळ्या नुसत्या एकमेकींवर आपटतात. शास्त्र आहे. डबा रिकामा केला, वर टिचक्याही मारल्या. आणि झाकण लावताना ती काजळाची रेघ डोळ्यांसमोर आली. कोणी बघत नाही असं पाहून मी आट्यांनाही सोल्युशन लावलं. थोडंसंच. खबरदारी म्हणून.

दिवसभर भांडं लोळत होतं. कणभर गळालं नाही. पाटणकर काका दोनदा बाल्कनीतून वर पाहून गेले, निराश होऊन. आई खुर्ची घेऊन शेजारी बसली होती आणि कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा सैल झाला होता. तो चेहरा मला अजून छळतो.

संध्याकाळी झाकण उघडायला गेलो, आणि झाकण नव्हतंच. होता तो एकसंध पाइप. गरम पाणी ओतलं, पाना लावला. शेवटी पाटणकर काकांना बोलावलं. त्यांनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही दोन प्रौढ माणसं बाल्कनीत एकमेकांभोवती गोल फिरलो.

"काय लावलंय याला?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी आपलं टोक सोडून दिलं. "चाळीस वर्षांची गॅरंटी असते त्याची," म्हणाले आणि चप्पल घालून गेले.

मग हॅक्सॉ आणला. आई म्हणाली, "हळू काप." एवढंच. जणू आत कोणी झोपलं होतं. पाइप कापला, प्लॅस्टिकचा कीस पडला, तो मेधाने मलमलीतून गाळून काढला. आणि खाली जे उरलं ते, खोटं का सांगू, अप्रतिम होतं. काजळासारखं मऊ. बाबांचंही इतकं बारीक कधी झालं नव्हतं. फक्त दिवसभर कोंडलेला सोल्युशनचा वास लवंगेने गिळला होता की लवंग त्याने, एवढंच ठरायचं होतं.

आईने चिमूट घेतली, दाढेवरून बोट फिरवलं. मेधाने माझा दंड धरला होता. आई बेसिनपाशी गेली, चूळ भरली, पदराने तोंड पुसलं.

"बारीक छान झालंय," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "चव प्लंबरची आहे."

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तिने टूथपेस्ट आणायला सांगितली, कुठलीही चालेल म्हणाली.

मंजन फेकायचा धीर कोणालाच होईना. ताटात पसरून ते कितीतरी दिवस उन्हात ठेवलं. लवंग परत आली नाही, दुसरा पाहुणा मात्र अर्धामुर्धा मुक्कामाला राहिला. शेवटी मीच ते लावायला लागलो, प्रायश्चित्त म्हणून. परवा मेधाचा भाऊ आला होता. त्याने बाटली पाहिली, वास घेतला, मान मागे घेतली आणि विचारलं, हे काय? मी सांगितलं की बाबांचं शेवटचं मंजन आहे.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "लाव हो, हवं तितकं लाव. पण ह्यांच्या नावावर खपवू नकोस."

म्हणून बाटलीवर आता मी माझं नाव लिहिलंय. घरात दुसरं कोणी तिला हात लावत नाही.