दोन आवाज

मंगळवारी दुपारी माझा भाऊ कारखान्याच्या माडीवरून पडला आणि गेला. त्याच्याबरोबर टॉवेलची गाठ खाली आली.

कारखाना म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं पत्र्याचं शेड. खाली माग, वर माल ठेवायची माडी. माझा धाकटा भाऊ आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र, दोघं मिळून तो चालवत. तयार टॉवेल दाबून, तरटात शिवून त्यांच्या गाठी करतात, आणि एरवी त्या लिफ्टनं खाली येतात. त्या दुपारी लाइट गेली होती. कामगार जेवायला गेले होते आणि टेम्पो यायच्या आत माल खाली हवा होता. अशा वेळी तिथे सगळेच करतात तेच या दोघांनी केलं. माडीच्या दाराखाली तुटक्या सुताची पोती पसरली आणि त्यांच्यावर वरून गाठी सोडायला घेतल्या.

पुढचं आम्हाला मित्रानं सांगितलं. "आम्ही दोघं वरच होतो, ताई. त्याचा पाय घसरला. गाठ आणि तो एकदमच गेले."

पोलिसांनी तेच लिहून घेतलं. तेराव्यापर्यंत तो रोज यायचा, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा, आणि पाणीसुद्धा न घेता जायचा. येणारे विचारत आणि तो सांगे. पाय घसरला, गाठ आणि तो एकदमच गेले. तेच शब्द, त्याच क्रमानं. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तक कसं फाटलं याची कारणं मुलं मला रोज सांगतात. खरी हकिगत दुसऱ्यांदा सांगताना थोडी बदलते, काहीतरी नव्यानं आठवतं. पाठ केलेली बदलत नाही. त्याची बदलत नव्हती.

भेटायला येणाऱ्या बायका मात्र भावजयीला वेगळंच विचारायच्या. घरात काही झालं होतं का, हल्ली गप्प गप्प असायचा का. भाऊ गप्प असायचा हे खरं होतं. आमच्या घरात सगळेच गप्प असतात. पण त्या प्रश्नांनी भावजय आतून खचत चालली होती. एकदा भाजी निवडताना ती थांबली आणि म्हणाली, "ताई, ते स्वतःहून तर..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. आधी सगळे देठ एकीकडे केले, मग रडली. तिला एवढंच कळायला हवं होतं, आणि ते सांगू शकेल असा एकच माणूस होता. त्याच्यावर माझा विश्वास नव्हता.

तेराव्यानंतर मी कारखान्यावर गेले. भावाचा डबा आणायचा होता, असं मी स्वतःला सांगितलं होतं. फाटकासमोर चहाची टपरी आहे. टपरीवाल्या बाई मैंदर्गीकडच्या. मी कोण हे कळल्यावर त्यांनी चहा दिला आणि विचारल्याशिवाय बोलू लागल्या. लाइट नव्हती, माग बंद होते, म्हणून त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"पयल्यांदा धप्प झालं. मी म्हनलं, टाकली गाठ. मंग परत झालं."

"लगेच?"

"लगेच न्हाय. पर लई येळबी न्हाय."

मध्ये कुंपणाची भिंत होती, त्यामुळे त्यांनी पाहिलं काही नव्हतं.

डबा द्यायला मित्र बाहेर आला तेव्हा मी त्याला दोन आवाजांचं विचारलं. कुणी सांगितलं हे त्यानं विचारलं नाही, आणि ते मला खटकलं. डब्याची कडी लावत तो म्हणाला, "गाठ जड की, ताई. जड आधी येणारच."

रिक्षात मी ते वाक्य घोळवत बसले. ऐकायला किती सरळ वाटतं. पण तसं होत नाही, हे मी शाळेत शिकले होते आणि त्यानंतर अनेक पुस्तकांत वाचलं होतं. वजन काहीही असो, दोन वस्तू एकाच उंचीवरून एकाच क्षणी सुटल्या तर बरोबरच जमिनीवर येतात. कागद किंवा पीस असेल तर हवा त्याला अडवते, गाठीला आणि माणसाला एवढ्याशा उंचीवर काय अडवणार? मग दोन आवाज झाले असतील तर दोघं एकदम सुटलेच नव्हते. आधी गाठ गेली. नंतर तो. त्या मधल्या वेळात माडीच्या दारात काय झालं?

पुस्तकावरही त्या दिवसांत माझा पुरता विश्वास उरला नव्हता. घरी आल्यावर मी खलातला लोखंडी बत्ता आणि एक सुपारी घेतली, स्टुलावर उभी राहिले आणि दोन्ही हातांतून सोडली. कधी बत्ता आधी वाजायचा, कधी सुपारी. मग लक्षात आलं की माझे दोन हातच एकदम उघडत नाहीत. कधी एक आधी सुटतो, कधी दुसरा.

भाऊ कधीतरी घरी टॉवेलची एक लहान गाठ घेऊन आला होता, ती पलंगाखाली होती. गच्चीवर कपड्यांच्या तारेसाठी लोखंडी दांडा बसवलेला आहे, त्याचं एक टोक अंगणावर पुढे आलं आहे. मी त्या टोकावर सुतळी टाकली, सुतळीच्या खालच्या टोकाला गाठ आणि ज्वारीची एक थैली एकाच पातळीत बांधली. भावजयीला आवाज मोजायला अंगणात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. काय करते आहे हे मी तिला सांगितलं होतं. ती वेडेपणा म्हणाली नाही. खालून फक्त एवढं म्हणाली, "तयार आहे."

मी सुतळी कापली.

"एक," ती म्हणाली.

आम्ही परत केलं. थैलीत ज्वारी कमी केली, मग आणखी कमी. प्रत्येक वेळी ती भिंतीकडे बघत म्हणाली, एक. शेवटी ती वर आली आणि पायरीवर बसली. तिच्या मते तो मित्र तिच्या नवऱ्याचं झाकत होता, मैत्रीखातर. मला वाटत होतं तो स्वतःचं झाकतो आहे. माडीवर दोघंच होते. मी तिला माझं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, पण त्या रात्री दाराला कडी लावताना तिनं ती दोनदा ओढून पाहिली.

महिन्याच्या श्राद्धाला तो आला. जेवायला बसेना. मी त्याला गच्चीवर नेलं, तिथे गाठ आणि थैली लटकत होती. त्याच्या हातात कात्री दिली.

"काप," मी म्हटलं. "आणि ऐक."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे. त्यानं कापलं. खालून भावजयीचा आवाज आला, "एक." कात्री त्याच्या बोटांत तशीच राहिली.

"मी वर नव्हतो, ताई," तो म्हणाला.

तो खाली होता. वरचा माणूस गाठ दाराच्या कडेवर आणून थांबतो. खालच्यानं "येऊ दे" म्हटल्याशिवाय सोडत नाही, हा त्यांचा शिरस्ता. त्यानं "येऊ दे" म्हटलं. आणि मग त्याला दिसलं की एक पोतं सरकलंय. नुसत्या फरशीवर पडली तर गाठीची शिवण उसवते. म्हणून तो पोतं हातानं सारायला दाराच्या बरोबर खाली गेला. ओरडा ऐकून त्यानं वर पाहिलं, तर भाऊ दारातून अर्धा बाहेर होता, निसटत्या गाठीचं तरट दोन्ही हातांनी धरायला बघत होता. गाठ मित्राच्या शेजारी पडली. भाऊ नंतर.

"मी वर होतो म्हटलं की कुणी पुढचं विचारत नव्हतं," तो म्हणाला. "खाली होतो म्हटलं असतं, तर 'येऊ दे' म्हणून गाठीखाली का गेलास, हे विचारलं असतं."

भावजय पायऱ्यांवर येऊन उभी होती हे मला तेव्हा दिसलं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती खाली गेली आणि तिनं त्याचं पान वाढलं. तो जेवला. त्या दिवसानंतर ती नीट झोपते.

मी अजून विचार करते. आमच्या सुतळीनं एवढंच दाखवलं की त्याची पहिली गोष्ट खोटी होती. दुसरी खरी आहे असं ती सांगत नाही. आधी गाठ, मग माणूस, हे त्याच्या नव्या गोष्टीत बसतं. उडीत बसतं. धक्क्यातही बसतं. शिवाय ही गोष्ट भावजयीला हवी होती अगदी तशी होती, आणि मला अशा गोष्टींची भीती वाटते. जेवताना तिनं त्याला परत विचारलं तेव्हा तो म्हणाला की पोतं पायानं सारलं. गच्चीवर म्हणाला होता, हातानं. माझ्याच नियमानं मी त्यावर विश्वास ठेवायला हवा. बहुतेक दिवस ठेवते.

तो आता सणावाराला येतो आणि पाणी मागून घेतो. भावजयीनं गाठ उसवून टॉवेल वापरायला काढले आहेत. दांड्यावर सुतळीचा तुकडा आहे. घरात आम्ही दोघी आहोत.