खळ्यावर अनवाणी

डॉ. मोनिका १०८ च्या रुग्णवाहिकेवर असतात. उंची बेताची, चाल भरभर, खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. भंडाऱ्यात विणकराच्या घरी वाढल्या. धागा गुंतला की बाबा ओढत नसत, शांतपणे खाली बसत, असं त्या सांगतात.

आमच्या आसगावात त्या प्रथम आल्या इश्वरसाठी. धान कापून झालं होतं. मी सोसायटीत कारकून; दफ्तर त्याच्या खळ्याला लागूनच, त्यामुळे सारं मी समोर पाहिलं.

इश्वर चार दिवस झोपला नव्हता. विळा घेऊन धानाच्या पुंजण्यावर, रचलेल्या पेंढ्यांच्या ढिगावर, चढून बसला होता आणि जवळ येईल त्याच्यावर ओरडत होता. मागच्या वर्षी असंच झालं, तेव्हा त्याला बाजेला बांधून नेलं होतं. बरा होऊन आला, पण लाजेनं महिनाभर घराबाहेर पडला नाही. म्हणून त्याची बायको रुपा या वेळी एकच म्हणत होती, "बांधू नका." पण भाऊ अमर दोर घेऊन तयार होता आणि पंधरा-वीस गडी खळ्यात शिरले होते.

गाडी सायरन बंद करून आली. डॉक्टरबाईंनी आधी रुपाला विचारलं, "काय म्हणून राहिले हे?"

"नुसतं चपला, चपला. काही समजत नाही, मॅडम."

बाईंनी खळ्याकडे पाहिलं. "खळ्यात चपला चालतात का तुमच्या गावात?"

सगळे आपापल्या पायांकडे पाहू लागले. अमर पुटपुटला, "घाईत काढायचं राहून गेलं."

"म्हणजे तो बरोबर बोलून राहिला. चला, सगळे बाहेर!"

खळं रिकामं झालं. बाईंनी कडेला बूट काढले आणि तिथेच खाली बसल्या. "इश्वरभाऊ, मी डॉक्टर मोनिका. आत येऊ का?"

इश्वरनं त्यांचे पाय निरखले. "मोजे?"

बाईंनी मोजेही काढले. कोणीतरी फसकन हसलं, आणि मग इश्वरही हसला.

"झोपत काहून नाही, भाऊ?"

"झोपलो तं हे लोक धान तुडवतीन."

"राखणीले कोण बसलं तर झोपाल?"

इश्वरनं भावाकडे बोट केलं. "अमर. पण अनवाणी!"

"बसतो, दादा," अमर म्हणाला. दोर त्यानं केव्हाच कुंपणावर टाकला होता.

"आता विळा आमच्या डायव्हर टिकाराममामाले देता, की तिथंच खोचता?"

इश्वरनं तो पुंजण्यात खोचला आणि खाली उतरला. इंजेक्शनसाठी दंड कोणता, तेही बाईंनी त्यालाच विचारलं. "डावा. उजव्यानं काम करा लागते," तो म्हणाला.

गाडीपाशी मात्र तो अडला. पायात काहीच नव्हतं आणि ऊन चांगलंच तापलं होतं. अमर धावत आला, आपल्या चपला त्याच्यापुढे ठेवल्या. "घे, दादा. मले आज चपलेचं काय काम?"

त्या घालून इश्वर आपल्या पायांनी गाडीत चढला. मागून रुपा चढली. चालकाच्या जागेवरून टिकाराम ओरडला, "मॅडम, तुमचे बूट!" खळ्याच्या कडेला ते तसेच राहिले होते.

अठराव्या दिवशी इश्वर दवाखान्यातून परतला. एसटीतून उतरला तो भर बाजारातून, सगळ्यांना रामराम करत आला. अमरच्या चपला अजून त्याच्याच पायात आहेत, मागितल्या की म्हणतो, "तू राखणीले बसला आहेस ना!"