टेकचंदच्या घरचा बिल्ला

आमच्या टोळक्यात किस्से राईस मिलमागच्या कोंड्यासारखे साचतात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही, पण रोज सकाळी आमगाव स्टेशनसमोर चहा पिऊन उठलो की मागे ढीग पडलेलाच असतो. टोळकं म्हणजे आम्ही तिघं. मी, स्टेशनरीचं दुकान चालवतो. टेकचंद बिसेन, धानाचा व्यापारी. आणि होमराज मेश्राम, रेल्वेतून रिटायर झालेला. यंदाचे बहुतेक किस्से एका बिल्ल्याचे आहेत. म्हणजे खरं तर जळण्याचे!

*

टेकचंदची आत्या फुलवंताबाई, नव्वदीला टेकलेली. गावचं घर बंद करून ती त्याच्याकडे राहायला आली, सोबत एक लोखंडी पेटी. पेटीत उंदीर शिरले म्हणून टेकचंदनं ती रिकामी केली, तर तळाशी फडक्यात गुंडाळलेला जाड, काळा पडलेला बिल्ला! एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार.

"आत्या, हा कोणाचा होय?"

"आपल्या घरचाच होय," आत्या म्हणाली आणि तिनं कूस बदलली.

टेकचंदला तेवढं पुरे झालं. मोबाईलवर फोटो जुळवून पाहिला. पहिल्या महायुद्धातलं पदक! म्हणजे त्याचा आजा लखाजी लढाईवर गेला होता! तासाभरात बिल्ला व्हॉट्सॲपच्या डीपीवर चढला.

सोमवारी आजा साधा शिपाई होता. बुधवारी हवालदार झाला. शनिवारी त्यानं एकट्यानं एक तोफ पकडून आणली.

होमराज कप खाली ठेवून म्हणाला, "टेकू, उद्या चहाले येऊ नको बे. नाही त तुया आजा जर्मनीचा राजा होऊन जाईन!"

*

हसलो मी, पण आतून पार करपलो होतो. माझ्या घरी काहीच कसं नाही? घरी जाऊन माळा उपसला. फुटका कंदील निघाला, पितळी कुलूप निघालं, लढाईचं काही नाही. माय अंगणात तांदूळ निवडत बसली होती.

"माय, आपला आजा कधी लढाईवर गेला होता का?"

"तो?" मायनं सूप खाली ठेवलं. "घरच्या गाईनं शिंग हालवलं त तो वाडीच्या मागून पळे!"

*

होमराजचं तर माझ्याहून वाईट. चार दिवसांनी तो खाकी कव्हरातली पाण्याची बाटली घेऊनच टपरीवर आला. "माया पणज्याची होय. काल सापडली."

टेकचंदनं बाटली हातात घेतली, झाकण उघडलं, बंद केलं, मग कव्हर काढलं. आत मार्करनं मोठ्या अक्षरात होमराजच्या नातवाचं नाव होतं. खाली, इयत्ता सातवी!

"तुया पणजा सातवी शिकला होता का बे?" टेकचंदनं विचारलं.

त्या दिवशीच्या चहाचे पैसे होमराजनं दिले.

*

मग शाळेचं आमंत्रण आलं. सव्वीस जानेवारीला वीराचे वारस म्हणून टेकचंदभाऊंचा सत्कार! ज्या शाळेला दरवर्षी बक्षिसाच्या वह्या माझ्या दुकानातून जातात, त्या शाळेत आजवर मला कोणी साधी खुर्ची दिली नाही. आणि या टेकूला शाल, श्रीफळ!

मीच पिल्लू सोडलं. "बिल्ल्याच्या कडेवर नाव कोरलेलं असते म्हणतात. एकदा पक्कं करून घे."

बिरसीच्या विमानतळाजवळ एक रिटायर्ड सुभेदार राहतात. तिघंही गेलो. डोक्यावरून ट्रेनिंगची विमानं घरघरत होती. सुभेदारांनी कडेवरचा मळ अंगठ्यानं पुसला, भिंग लावलं.

"हुद्दा, ड्रायव्हर."

टेकचंद खुलला. "ट्रकचा का जी?"

"खेचराचा," सुभेदार म्हणाले. "दारूगोळा वाहणारी खेचरं. लगित जिवावरचं काम होतं, हसू नका." मग त्यांनी भिंग जवळ नेलं. "नाव आहे दसरू."

टेकचंदचं तोंड उतरलं. "माया आजा त लखाजी होता जी."

"मग हा बिल्ला तुमच्या आजाचा नाही."

परतताना गाडीत मला शीळ घालावीशी वाटत होती!

*

दोन दिवस टेकचंद चहाला आला नाही. आम्ही घरीच गेलो. तो आत्यासमोर बसला होता. बिल्ला मधोमध.

"दसरू कोण होय, आत्या?"

आत्यानं पदर सावरून घेतला. मग एकदम बोलली. "माया मोठा बाप. मोठा भाऊ होय लखाजीचा. बसऱ्याच्या लढाईवरून आला त सारं गाव त्याच्याच भोवती. रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर मानसं, अन् माया बाप एकटा आपल्या ओट्यावर. त्याले नाही सोसलं. एक दिवस बिल्ला उचलला अन् धानाच्या ढोलीत लपवला."

"अन् मोठा बाप?"

"घर धुंडाळलं, वावर धुंडाळलं. माया बापही त्याच्यासंगं धुंडाळून राहिला होता."

होमराज हळूच म्हणाला, "टेकू, शाळेले का समजते? तोही बिसेन, तूही बिसेन."

मला वाटलं टेकचंद हो म्हणेल. मी असतो तर म्हटलं असतं.

"मले समजते न बे," टेकचंद म्हणाला. "दसरूचं कोण आहे आता, आत्या?"

*

दसरूची एक नात होती, जैवंताबाई. चोरखमारा तलावाच्या खालच्या अंगाला एका गावात एकटी राहायची. सत्तरीची, काटक बाई. ओसरीवर बसून टेकचंदनं सगळं सांगितलं, आपल्या आजाची चोरीसुद्धा, आणि बिल्ला पुढे केला.

तिनं हात लावला नाही. "माया आजा सांगे, मी बसऱ्याले गेलो, खेचरं हाकली, रेतीत झोपलो. लोकं म्हणत, बिल्ला दाखव. तो म्हणे, होता, हरवला. मंग लोकं हासत. बसऱ्या नावच पडलं त्याचं. कोणी थाप मारली की म्हणत, हा पाहा बसऱ्या! माया लग्नात वऱ्हाडी बोलले, बसऱ्याची नात होय, इच्या बोलण्यावर जाऊ नका. माया बाप आयकून राहिला होता."

मग तिनं बिल्ला उचलला आणि चप्पल न घालताच बाहेर गेली. चहा नाही, पाणी नाही, आम्ही तिघं ओसरीवर तसेच. गल्लीतून तिचा आवाज ऐकू येत होता. एका दारातून, मग दुसऱ्या, मग पार टोकाच्या.

"पाह्य! वाच! तुले वाचता येते न, वाच!"

खूप वेळानं घामाघूम होऊन परतली. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "हां, आता सांगा. चहा घेता का?"

*

सव्वीस जानेवारीला खुर्चीवर जैवंताबाई बसली. टेकचंदनंच मुख्याध्यापकांना सांगून नाव बदलून घेतलं होतं, आणि स्वतः आमच्याजवळ मागे उभा होता. शाल जैवंताबाईला, टाळ्या जैवंताबाईला. मी टेकचंदच्या तोंडाकडे बघत होतो. तो तिच्या शालीकडे बघत होता.

"चांगली शाल होय," तो म्हणाला.

कार्यक्रम संपल्यावर फुलवंताआत्यानं हट्ट धरला, मला तिच्याजवळ न्या. दोन्हीकडून धरून आम्ही आत्याला नेलं. जैवंताबाई उठली, रीतीप्रमाणे पाया पडली. आत्यानं तिच्या तोंडावरून हात फिरवला, रडली. मग हात पुढे केला.

"एकदा माया हाती दे वो. पाहू दे."

जैवंताबाईनं बिल्ला पदराच्या टोकात ठेवला, गाठ मारली, दातानं घट्ट ओढली, आणि पदर कमरेला खोचला.

"लगित वर्सं पाहला न तुमी, आत्याबाई," ती म्हणाली. "चला, मुलांनी जिलेबी आनली."