पाणी लिहिणारा पेंटर

माझा मेव्हणा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची हयात गेली. मला हे नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, पण त्या दिवशी खिडकीशी मीच होतो, तेव्हा सांगतो.

एका जपानी कारखान्याच्या फाटकावरची पाटी त्याने कागदावरून हुबेहूब उतरवली आणि घरी येऊन म्हणाला, "दाजी, आयुष्यात पहिल्यांदा मी काय लिहिलं ते मलाच कळलं नाही!" ते त्याच्या डोक्यातून जाईचना. शेवटी अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉलेजात जाऊन जपानीच्या वर्गात बसला.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी त्याला फळ्यावर 'पाणी' हे अक्षर काढायला सांगितलं. याने पाटी रंगवावी तशी आधी बाहेरची कड आखली, मग आत खडू घासून भरला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"काका, अक्षर देखणं आहे, पण चुकलंय," बाई म्हणाल्या. "आधी मधली उभी रेघ, मग डावीकडचं, मग उजवीकडचं. आणि एकदा ओढलेल्या रेघेवर पुन्हा हात फिरवायचा नाही."

हात फिरवायचा नाही! चाळीस वर्षं त्याने दुसरं केलं काय? त्यात लेखनाच्या परीक्षेत नापास झाला तर वर्गच सुटणार होता.

मग आमच्या मागच्या फरशीवर सराव सुरू झाला. ब्रश पाण्यात बुडवून लिहायचं. पुन्हा हात फिरवायला जावं तोवर अक्षर वाळून गेलेलं. तरी हात वळवळायचाच. मी वर्तमानपत्राची सुरळी घेऊन शेजारी बसायचो. वळवळला की फटका.

"फरशी पुसतोयस की अभ्यास करतोयस?" आमची ही विचारायची.

"दोन्ही, ताई. तुझं काम वाचतंय, गप बस."

परीक्षेच्या दिवशी मी वर्गाबाहेर, खिडकीशी. कागदावर शाईने तेच 'पाणी' लिहायचं होतं. उभी रेघ झकास आली. डावीकडचंही. उजवीकडच्या शेवटच्या रेघेशी मात्र शाईचा थेंब पडला. ब्रश पुन्हा खाली यायला लागला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात त्याने वर पाहिलं, मी सुरळी उगारली. पठ्ठ्याने ब्रश ठेवला आणि उजवा हात चक्क मांडीखाली दाबून बसला!

बाईंना हसू आवरेना. "पास, काका. डागासकट."

बाहेर येऊन त्याने मला मिठीच मारली, माझ्या सदऱ्याला शाई लागली. "दाजी, चला फाटकावर!"

पाटीसमोर उभं राहून त्याने पहिली दोन अक्षरं खणखणीत वाचली. वॉचमन बघतच राहिला.

"आणि तिसरं?" मी विचारलं.

"थांबा की जरा! तिसरं मार्चमध्ये शिकवणार आहेत."