बर्फ मागायला आलेल्या डॉक्टरबाई

डॉ. इंदुमती सरवदे यांची आणि माझी पहिली ओळख बर्फावरून झाली. बेंबळीच्या सहकारी दूध केंद्रात मी कारकून होतो. उस्मानाबादच्या बाई गावात पेशंट बघायला यायच्या. एके सकाळी त्या केंद्रात आल्या, थर्मास माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "यात बर्फ भरा, आणि तुमच्या टँकरमधून ही बाटली सोलापूरला जाऊ द्या." बाटलीत रक्त होतं. पोटात कॅन्सरची गाठ असली तर रक्तात एक पदार्थ वाढतो. तो मोजायची सोय तेव्हा आमच्या जिल्ह्यात नव्हती, म्हणून रक्त सोलापूरमार्गे पुण्याला जायचं.

चेअरमन खुर्चीतून उठले. "बाई, दुधाच्या गाडीत रगत? लोक काय म्हनतील?"

"चेअरमनसाहेब, तुमच्या दुधातलं पाणी लोकांनी खपवून घेतलं. ही तर बंद बाटली आहे. ड्रायव्हरशेजारी गुमान बसेल."

दुधाचं फॅट तपासणारा आमचा माणूस हसू दाबायला बाहेर पळाला. बर्फ मिळाला, आणि पुढं कित्येक वर्षं मिळत राहिला.

बाईंच्या पंचाहत्तरीसाठी नेमलेल्या गौरव समितीनं मला त्यांच्या कार्यावर लिहायला सांगितलं आहे. मला लिहिण्याची सवय नाही. त्यांचं जे कार्य आमच्या घरात घडलं तेवढंच सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात माझे वडील पोटाच्या गाठीनं गेले. त्या वर्षी सगळेच रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खात होते आणि सगळ्यांचंच पोट दुखत होतं. वडिलांचं दुखणंही आम्ही मिलोच्या माथी मारलं. खरं कळलं तेव्हा उशीर झाला होता. म्हणून दहा वर्षांनी माझे चुलते नामदेवतात्या तसंच पोट धरून बसू लागले, तेव्हा मी एक दिवसही थांबलो नाही. त्यांना उस्मानाबादला बाईंच्या दवाखान्यात नेलं.

बाईंनी रक्त पाठवलं. अहवालातला आकडा मर्यादेच्या वर आला. बाईंना भेटायच्या आतच तात्यांनी मरणाची तयारी सुरू केली. म्हैस थोरल्या लेकीला देऊन टाकली. तेराव्याला बुंदी नको, जिलबी करा, असं काकूंना बजावलं. काकू म्हणाल्या, "तुमी खायला येनार हाव व्हय? मग आमचं आमी बघू."

बाईंनी मंगळवारी सकाळी काही न खाता बोलावलं. पांढरं औषध पाजून पोटाचे एक्स-रे काढले. जठरात तीन-चार गोल डाग दिसले. मी शेजारीच होतो, मला वडिलांची गाठ आठवली. बाईंनी फिल्म उजेडासमोर धरून नीट पाहिली. मग त्यांनी विचारलं, "तात्या, सकाळपासून काही खाल्लं का?"

"न्हाय ओ. देवीचा मंगळवार हाय माजा."

"उपवासाचंसुद्धा नाही?"

"ते काय खानं व्हय? वाटीभर शाबूदाना, दोन रताळी अन् मूठभर शेंगदाणं."

"मग हे रताळं असणार, आणि हे शेंगदाणे. उद्या परत या. उद्या जेवणही नाही आणि उपवासही नाही."

त्या दिवशी काकूंनी स्वयंपाकघराला कुलूप घातलं. बुधवारच्या फोटोत गोल डाग नव्हते, पण एका जागी लहानशी जखम दिसली. बाईंनी सोलापूरला दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी दिली.

"डाग गेलं की. आता कशाला?" तात्या कुरकुरले.

"रताळी गेली. ही जखम तुमची स्वतःची आहे. दिवसाला बिड्या किती?"

"मोजत न्हाय."

"रक्तानं मोजल्यात. बिडीनंही हा आकडा वाढतो. नुसत्या आकड्यावर मी कुणाला मारत नाही, आणि नुसत्या फोटोवर कुणाला सोडत नाही."

सोलापूरला जखमेचा तुकडा काढून तपासला. गाठ नव्हती, अल्सर होता. औषधं झाली, बिडी सुटली, आकडा खाली आला. तात्यांनी लेकीकडं म्हैस परत मागितली. तिनं दिली नाही. त्यावरून दोघांचं पुढं कैक वर्षं चाललं.

सोलापूरचा तो अहवाल दाखवायला मी एकटाच बाईंकडं गेलो होतो. निघताना धीर करून विचारलं, "वडिलांना तेव्हा तुमच्याकडं आणलं असतं तर?"

बाई म्हणाल्या, "सांगता येत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही. पण मिलोला दोष देणारे तुम्ही एकटे नव्हता. मी तेव्हा नवीन होते, आणि मीसुद्धा पेशंटला तेच सांगत होते."

दहा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी रुमाल शोधत होतो, तोवर बाईंचा आवाज आला, "आता शर्ट काढा आणि टेबलावर झोपा. वडिलांना होतं, म्हणजे तुमचंही पोट मला बघायचंय."

तेव्हापासून त्या दर वर्षी बोलावतात, आणि नाही गेलो तर घरी निरोप येतो. वडील ज्या वयात गेले ते वय मागं टाकून मी बराच पुढं आलो आहे. बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो आणि त्यांना भरपूर आयुष्य लाभो. तेवढं त्यांना लागणारच आहे, कारण आमच्या घरात आता नातवंडांचीही पोटं बघायची आहेत.