चुलीपाशी न जाणाऱ्या बायका

शेलूबाजारच्या स्टँडसमोर जगदेवचं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारे, आधार कार्ड, लग्नपत्रिका, सगळं तिथेच होतं. गिऱ्हाईक नसलं की तो कथा लिही. दिवाळी अंकांत त्याच्या पंधरा-सोळा कथा आल्या. विहिरीतलं प्रेत, भावाने भावावर घातलेला घाव, सुनेवर वाईट नजर ठेवणारा सासरा. त्याला काहीच वर्ज्य नव्हतं. या माणसाची छाती मोठी, असं संपादक म्हणत.

प्रत्येक कथा आधी त्याची बायको मंजुषा वाची. एकदा तिने सहज विचारलं, "तुमच्या एकाबी गोष्टीत बाई सयपाक करत नाही. काहून?"

जगदेव तिच्या हातातले कागद घेऊन दुकानात निघून गेला. दोन दिवसांनी मात्र त्याने तिला सगळं सांगितलं.

त्याची थोरली बहीण उज्ज्वला धनज गावात दिली होती. एकोणतीस वर्षांपूर्वी ती जळाली. दवाखान्यात जगदेव एकटाच तिच्याजवळ होता, वय वीस. नवऱ्याने रॉकेल ओतलं, असं तिने त्याला सांगितलं. एवढंच बोलू शकली. जबाब घ्यायला माणसं आली तेव्हा तिची शुद्ध हरपलेली होती. बाहेर बाप शेषराव उभा होता. उज्ज्वलाची पोर तिच्या सासरी आहे, धाकटीचं लग्न व्हायचं आहे, असं तो म्हणाला. जगदेवने स्टोव्ह भडकल्याचा जबाब दिला आणि खाली सही केली.

मंजुषा म्हणाली, लिहा. त्याला चार महिने लागले. पहिल्या खर्ड्यात भाऊ पोलिसांना खरं सांगतो. तिने कागद परत केले. "हे तुमाले बरं वाटावं म्हणून लिवलं," ती म्हणाली. मग दुसऱ्या खर्ड्यात त्याने भावाला खोट्या जबाबावर सही करायला लावली. ते पान त्याने दुकानाचं शटर ओढून लिहिलं.

कथा छापून आली. लोकांचे फोन आले, कौतुक झालं. पंधरा दिवसांनी उज्ज्वलाची मुलगी राखी दुकानात आली. आई गेली तेव्हा ती दीड वर्षाची होती. आता तिला स्वतःची दोन लेकरं होती. तिच्या पिशवीत अंक होता. दुकानात दोन-तीन माणसं होती. ती माणसं जाईपर्यंत राखी बाकावर बसून राहिली.

"मामा, हे मायचं हाये ना?"

नुसती गोष्ट आहे, असं म्हणणं सोपं होतं. हजार वाचकांना त्याने तेच सांगितलं होतं. जगदेवने होय म्हणून मान हलवली.

"मंग मले तोंडानं काहून नाही सांगतलं?"

राखीचा बाप लकव्याने दोन वर्षांपासून तिच्याच घरी पडून होता. "रोज माह्या हातानं जेवते तो," ती म्हणाली. "उद्या काय करू, तेबी लिवाचं होतं गोष्टीत."

अंक काउंटरवर ठेवून ती निघून गेली.

त्यानंतर तिने फोन उचलला नाही. महिन्याभराने जगदेव स्वतः तिच्या गावी गेला. आतल्या खोलीत म्हातारा खाटेवर होता. अंगाखालची चादर धुतलेली होती. राखीने ओसरीवर पाणी दिलं. मी ठाण्यात जाऊन जबाब बदलतो, असं जगदेव म्हणाला.

"आता कोनासाठी?" ती म्हणाली. मग खांबाला टेकून बसली. "ते राहू द्या. माय हसे कशी, ते सांगा. तुमच्या गोष्टीत ती फक्त मरते."

जगदेवने सांगायला तोंड उघडलं. दवाखान्यातला तो चेहरा तेवढा समोर आला. त्याआधीचं काही केल्या आठवेना. राखी वाट बघत बसली होती. शेवटी तो उठला आणि गाडी धरायला फाट्याकडे चालू लागला.