आठ लाटांचा कागद

आमच्या घरात बोलायला मराठी आणि भांडायला हिंदी. उज्जैनच्या मराठी घरांतून हे असंच चालतं, त्यात लाजायचं काय! इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून मी इतकी वर्षं काढली, ती मुलांवर हिंदीतून ओरडत आणि यंत्रांशी मराठीतून बोलत.

त्यातलं माझं सगळ्यात लाडकं यंत्र कंपनांचं. लोखंडी चौकटीला स्प्रिंग, स्प्रिंगला वजन, वजनाखाली दट्ट्या आणि तो दट्ट्या तेलाच्या नळकांड्यात. वजन ओढून सोडलं की ते वरखाली नाचतं, तेल त्याला आवरतं, आणि वजनाला लावलेलं पेन फिरत्या कागदावर लाटा काढतं. पहिली मोठी, पुढची तिच्याहून लहान, असं होत होत शेवटी सपाट रेघ. खड्ड्यातून गेल्यावर स्कूटरचं शॉकअप हेच करतं, हे मी प्रत्येक बॅचला सांगते. असली यंत्रं कव्हराखाली धूळ खात पडलेली मी पुष्कळ पाहिली आहेत. माझं एक दिवसही बंद राहिलं नाही. पेन धरणारा चिमटा तुटला तेव्हा मी डोक्यातली क्लिप काढून लावली, ती अजून तिथेच आहे.

यंत्र नवं आलं तेव्हा पहिली मापं मीच घेतली होती. मोजता येतील अशा लाटा आठ. त्यांच्या उंचीचे आकडे मी सुबक अक्षरात लिहिले, कागद लॅमिनेट केला आणि नमुना म्हणून भिंतीवर टांगला. मग काय, मुलांनी तेच आकडे फायलीत उतरवायला सुरुवात केली. या वर्षीची फाइल पुढच्या वर्षाला, तिथून त्याच्या पुढच्या वर्षाला. मला कळत नव्हतं असं नाही. रागवायचेही. पण खरं सांगू? आतून बरं वाटायचं. प्रत्येक फायलीत आकडे माझे!

गेल्या वर्षी नळकांड्याचं सील गेलं आणि सगळं तेल गळून गेलं. सील मी स्वतः बदललं, देवास गेटच्या दुकानातून तेल आणून भरलं. आधीच्यापेक्षा जरा घट्टच मिळालं. भिंतीवरचा कागद मात्र तसाच राहिला.

त्यानंतरच्या परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्कर परीक्षक आले. शेजारी आमचे विभागप्रमुख. फायली चाळता चाळता परीक्षक थांबले. सगळ्यांच्या आठ लाटा, एकीच्या चार.

ती मुलगी भैरवगढची. वडील कापडावर ठप्प्यांनी नक्षी छापतात. देवासच्या एका कारखान्यात तिची नोकरी ठरली होती, अट एकच, सगळे विषय एका दमात पास. परीक्षकांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "वो देखो. सबके आठ, तुम्हारे चार? प्रयोग किया था, या घर बैठे लिख दिया?"

"किया था सर. तीन बार किया," ती म्हणाली. चाराचे आठ काही तिने केले नाहीत.

त्यांनी तिच्या पानावर लाल काट मारली. परीक्षेत तंत्रज्ञाने तोंड उघडायचं नसतं.  पण तेलाची गोष्ट त्या खोलीत फक्त मला ठाऊक होती. मी गप्प बसले असते तर माझा कागद खरा ठरला असता आणि त्या पोरीची नोकरी हकनाक गेली असती.

"सर, वो कागज मेरा है," मी म्हणाले. "और वो गलत है."

विभागप्रमुखांनी डोळे वटारले. वटारू देत! सील बदललं, तेल घट्ट आलं, घट्ट तेलात लाटा लवकर विरतात, कागद बदलायचा राहिला ही माझी चूक, सगळं मी धाडधाड सांगून टाकलं. परीक्षक एवढंच म्हणाले, "दिखाइए."

मी त्या मुलीलाच पुढे केलं. तिने नवा कागद चढवला, वजन ओढलं, सोडलं. पेन सरकलं. एक, दोन, तीन, चार. पुढे सपाट. परीक्षकांनी कागदाला नाक लावून पट्टीने उंची मोजली, पुन्हा करायला लावलं. पुन्हा चारच.

"मॅडम, पूरी बॅच को फेल करवाओगी क्या?" विभागप्रमुख माझ्या कानाशी पुटपुटले. परीक्षकांनी ते ऐकलं असावं. त्यांनी मुलीच्या पानावरची काट खोडली, तिथे सही केली आणि म्हणाले, "बाकी सब फिर से करेंगे, मेरे सामने." मग संध्याकाळपर्यंत एकेक पोरगं येऊन वजन ओढत होतं, आणि माझं यंत्र एकदाही अडलं नाही. छाती अशी फुगली होती माझी, काय सांगू!

सगळे पांगल्यावर मी भिंतीवरचा कागद उतरवला. ती मुलगी दप्तर आवरत होती. तिला हाक मारली, कोरा कागद आणि पेन पुढे केलं. "ले बेटा, अब तेरे आंकडे लिख. तेरे अक्षर में टांगूंगी."

तिने पेन हातात घेतलं, क्षणभर धरलं आणि टेबलावर ठेवलं.

"नहीं मॅडम. मैं लिखूंगी, तो अगले साल सब मेरे उतारेंगे."

 इतकी वर्षं मी जे मान म्हणून मिरवलं, ते या पोरीने एका वाक्यात नको म्हटलं. ती गेल्यावर मी पक्कड घेतली आणि भिंतीतला खिळा उपटून टाकला.